यंदा काही नाही

आमच्या घोलवडला चिकूच्या बागेचं कुणी विचारलं, की तोंड पाडून "यंदा काही नाही" म्हणायचं. खरं सांगितलं तर नजर लागते, वर पाहुणे पेटी मागतात ते वेगळंच.

मला कॅनडाला शिकायला जायचं होतं. फीसाठी कर्ज हवं होतं, म्हणून बागेचं उत्पन्न बघायला बँकेचे साहेब घरी आले. बागेत शिरताना त्यांनी सहज विचारलं, "काका, फळ कसं आहे?"

बाबा सवयीने म्हणाले, "कसलं फळ साहेब. झाडं म्हातारी झाली, नुसती सावली उरलीय."

मी मागून डोळे वटारतेय, आई चहाचा ट्रे घेऊन जागीच उभी. माझं कॅनडा बाबा स्वतःच्या तोंडाने घालवत होते.

साहेबांनी वर पाहिलं. फांद्या चिकूंनी वाकल्या होत्या. ते हसले. "माझे वडील इथल्या शेजारच्याच बोर्डीचे, काका. तेपण असंच सांगतात."

कर्ज मिळालं.

तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांचा फोन. "कशी आहेस?"

"काही नाही बाबा, चाललंय कसंबसं."

फोन न ठेवताच ते आईला म्हणाले, "उगाच रडतेस. पोरगी मजेत आहे."