अंगठ्याचा होकार

बसा मंडळी, दाटीवाटीने बसा, देवाच्या दारी कोपर लागलं तर पुण्यच आहे! टाळ खाली ठेवा, एक प्रश्न विचारतो. देवाने हाक मारली. एकाने हाक कसली ते न ऐकताच ताडकन ओ दिली. दुसऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मग ओ दिली, पण उशिरा. दोघांत देवाला लाडका कोण?

काय म्हणता मावशी? पहिला? – बघा! माझा प्रश्न पुरता संपला नाही, तोच उत्तर हजर! मावशी, आजचं आख्यान तुमच्याच नावाने लावतो!

तर ऐका. घाटाखालच्या एका गावात त्र्यंबकशेठ ओतारी राहायचे. घंटा ओतणारं घराणं. देवळाची घंटा, बैलाची घंटा, शाळेची घंटा – पंचक्रोशीत कुठेही टण्ण झालं, की ते त्र्यंबकशेठांच्या भट्टीतलं समजावं! आणि त्या भट्टीचा एक नेम होता. नवी घंटा साच्यातून निघाली, की टांगायची, एक टोला द्यायचा, आणि गप्प! नाद हवेत पुरता विरेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. का? अहो, घंटेचा दोष पहिल्या टण्णला कळत नाही! सुरुवातीला सगळ्याच घंटा गोड. तडा असला तर तो नादाच्या शेपटाशी बोलतो. सुनांचंही तसंच असतं म्हणतात – हसू नका, सासवांचंही तसंच असतं!

असा हा कानाचा धनी. पण झालं काय, धंदा वाढला, परगावच्या मागण्या मेलवर यायला लागल्या, आणि शेठांनी घेतला स्मार्टफोन! त्यात एक सोय होती मंडळी. मेल आला, की खाली तीन उत्तरं शिजवून तयार! ‘हो, नक्की.’ ‘उत्तम, पुढे जाऊ या.’ ‘मनापासून आभार.’ आपण फक्त अंगठा टेकवायचा! वाचायला नको, विचार करायला नको. देवाने माणसाला डोकं दिलं, फोनने त्याला रजा दिली!

मग काय विचारता! शेठ जेवताना उत्तर देत, चालताना देत, फटफटीवर फाटकाशी थांबले की देत. न्हाव्याकडे बसले होते. न्हावी विचारतो, “शेठ, मिशी ठेवू की काढू?” शेठांचं लक्ष फोनमध्ये. म्हणाले, “हो, नक्की!” न्हावी बिचारा सज्जन. त्याने दोन्ही शब्दांचा मान राखला – अर्धी ठेवली, अर्धी काढली! एका मयतीला गेले. एका खांद्यावर तिरडी, दुसऱ्या हातात फोन. ताटी हलली की अंगठा चुकायचा. वरून आवाज आला, “शेठ, आधी तुमचं उरका, मला घाई नाही!” – खोटं वाटतं? त्या मयतीला मी होतो. पुढच्या बाजूला!

असं असताना एका मठातून मेल आला. “आमची हत्तीण सोनकळी हिच्या गळ्यात घंटा बांधायची आहे. मान मोजून माप कळवू, की हत्तीणच पाठवू?” अंगठा पडला – ‘हो, नक्की.’

आता काय नक्की? मठातले महाराजही पेचात पडले. शेवटी म्हणाले, ओतारी मोठे कारागीर, त्यांना जातीने माप घ्यायचं असेल!

मंडळी, सोमवारच्या बाजारातून हत्तीण आली! कोथिंबिरीचे तीन ढीग आणि एका सरपंचांचा फेटा खात खात आली. सोबत मठाचा जनावरांचा डॉक्टर, श्रीरंग नाव, तरणा, हसरा. भट्टीच्या अंगणात हत्तीण उभी. शेठांच्या बायकोने, सरूवहिनींनी, दारातूनच हात जोडले. “अहो, घरी पाहुणे बोलावलेत ते सांगायचं तरी! मी भाकरी किती थापू?”

शेठ फोनमध्येच. “उत्तम, उत्तम.”

घंटा ओतून, थंड करून, घासून व्हायला वेळ लागतो. तोवर सोनकळी तिथेच, आणि श्रीरंगही तिथेच. शेठांची लेक केतकी हत्तिणीला ऊस घालायची. पुढे पुढे ऊस संपला तरी ती घालायलाच यायची! समजलात ना? पेटीवाले समजले, बघा कसे लाजले!

केतकीने ठरवलं, अण्णांना सांगायचं. सकाळी गेली. “अण्णा, मला श्रीरंगबद्दल बोलायचंय.” – “हं, उत्तम.” दुपारी गेली. “अण्णा, लग्नाचं आहे.” – “हं, पुढे जाऊ या.” आणि अंगठा सुरूच! पोर रडकुंडीला आली. मग तिने काय केलं? बापाच्या घरात, बापापासून हाताच्या अंतरावर बसून, बापाला मेल लिहिला!

“अण्णा, मला श्रीरंगशी लग्न करायचं आहे. त्याच्या घरचे रविवारी सुपारी फोडायला येऊ का विचारतात. तुमच्या मनात नसेल तर मी नाही म्हणेन. पण अण्णा, हे वाचून उत्तर द्या.”

टुंग! समोर बसलेल्या बापाने अंगठा टेकवला. ‘उत्तम, पुढे जाऊ या.’

केतकीच्या फोनवर होकार आला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मंडळी, होकार मिळाला आणि पोर रडते! का? अहो, तिला होकार मिळाला, अण्णा कुठे मिळाले?

तरी वेडी आशा धरून तिने तो होकार श्रीरंगला कळवला, आणि रविवार उजाडला. श्रीरंगचे वडील आप्पासाहेब, नारळ, साखर, वाजंत्री, आणि पुढे सोनकळी, गळ्यात शेठांनीच ओतलेली नवीकोरी घंटा! शेठ अर्ध्या मिशीनिशी बाहेर आले.

“कुणाची वरात म्हणायची ही?”

आप्पासाहेब थबकले. “व्याही, थट्टा करता? तुम्हीच हो म्हणालात की!”

“मी? कधी?”

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. वाजंत्री थांबली. केतकी पुढे आली, पण आवाज खालचा. “आप्पासाहेब, माफ करा. आम्हाला होकार आलाय तो अंगठ्याचा. अण्णांचा नाही. त्या होकारावर मी बोहल्यावर चढणार नाही. नारळ परत न्या.”

श्रीरंग उभ्या जागी पांढरा पडला! आणि नेमकं तेव्हाच सोनकळीने मान हलवली –

टण्ण!

झालं! भट्टीचा नेम! नवी घंटा वाजली, भट्टीवरचे गडी जागच्या जागी गप्प. सरूवहिनी गप्प. शेठांनी सवयीने डोळे मिटले, कान तिरका केला. नाद अंगणभर फिरतोय, उतरतोय, बारीक होतोय... आणि हातातला फोन थरथरला! टुंग! अंगठा उचलला गेला. सगळं अंगण त्या अंगठ्याकडे बघतंय! केतकी बघतेय!

शेठांनी डोळे उघडले. लेकीचा चेहरा पाहिला. नादाच्या शेपटाशी तडा ऐकू आला हो त्यांना, पण तो घंटेत नव्हता!

फोन तसाच सोनकळीपुढे धरला. “धर गं बाई, याच्यामुळेच तू पाहुणी आलीस.” हत्तिणीने सोंडेत घेतला, वास घेतला, भाकरी नाही हे पाहिलं, आणि ठेवला नेऊन कौलांच्या आढ्यावर! अजून तिथेच आहे. कावळे म्हणे ‘मनापासून आभार’ पाठवतात!

आणि शेठ उंबऱ्यावर बसले. “ये बाळ. पहिल्यापासून सांग.”

केतकी सांगत गेली. ऊस सांगितला, श्रीरंग सांगितला, सकाळ सांगितली, दुपार सांगितली. संपलं. तरी शेठ गप्प! आप्पासाहेब घाबरून कुजबुजले, “वहिनी, नाही म्हणणार का हो हे?”

सरूवहिनी म्हणाल्या, “थांबा. नाद विरतोय.”

मग शेठ उठले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. “हो. आणि हे मी म्हणतोय.” वाजंत्री अशी वाजली, की सोनकळी नाचली आणि सरपंचांचा दुसरा फेटा गेला!

तर मावशी, कोण लाडका? – आता कशा गप्प बसलात! शाबास!

मंडळी, ती घंटा बघा, तुमच्या डोक्यावर टांगलीय ती. त्र्यंबकशेठांच्या भट्टीतलीच! तुम्हाला आज घरात कुणीतरी काहीतरी विचारलं असेल. बायकोने, म्हाताऱ्या आईने, लेकराने. आणि तुम्ही म्हणालात – “हं.” काय विचारलं होतं, आठवतंय? मी टोला देतो. नाद विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, तेवढ्यात आठवा. आठवलं, की उठा आणि घरी जाऊन उत्तर द्या. प्रसाद उद्या दिला तरी देव रागावत नाही!

टण्ण!

...

थांबा हो मागचे, अजून वाजतेय.