रिकामी चाल

—नाही, नाही, बोललं तरी चालतं रे, डेटलेफ. यंत्रांना कुठे ऐकू येतं? आपण दोघं नुसते हमाल. ती सांगणार, आपण सोंगट्या उचलणार. तो पंच बघ, मजेत मटाराचं सूप ओरपतोय. फक्त तुझा पडदा तिकडेच वळवून ठेव, मला बघायचा नाही. माझ्या पडद्यावर काय आहे सांगू? आमची किविट, आम्ही भावांनी लिहिलेली ही बुद्धिबळाची आज्ञावली, म्हणतेय, मी जिंकतेय! एका प्याद्याने वर म्हणून छाती फुगवून बसलीय. गाढव. तुला दिसतंय ना? माझा राजा, घोडा, तीन प्यादी—सगळी एकमेकांना धरून उभी. कुणी हललं नाही तोवर कुणाची टाप नाही. पण तू राजा एक घर मागे घेतलास—नुसता मागे, काही न मारता, शह न देता—की पाळी माझी, आणि पाळी सोडता येत नाही. मग हललो की मेलो. काहीही हलवलं तरी. आपल्याला दिसतं, हिला का दिसत नाही? कारण ही विचार करताना आपली पाळी सोडून बघते—समजा मी काहीच खेळले नाही, तरी ठीक आहे ना? मग खेळले तर आणखी बरंच होणार, पुढे बघायचं कशाला! रिकामी चाल. तूही वापरतोस, नाही म्हणू नकोस. केवढा वेळ वाचतो! आणि बहुतेक डावांत खरंच असतं ते. बहुतेक.

येलेने त्यावर पहारा बसवला होता—येले, माझा धाकटा भाऊ, शेवटाकडचा सगळा भाग त्याने लिहिलेला. सोंगट्या कमी उरल्या की रिकाम्या चालीवर विसंबायचं नाही, पुन्हा नीट बघायचं. असले खोडसाळ पट गोळा करून ठेवलेत त्याने, नवी किविट तयार झाली की आधी त्या पटांवर तिची परीक्षा. गुरुवारी मी तो पहारा काढला. काढला, झालं! वेग वाढला, रात्रभर स्वतःशीच खेळवली, जुन्या किविटला धू धू धुतलं हिने. येलेच्या पटांवर मात्र नापास. मी म्हटलं, असले पट कोड्यात असतात, डावात कोण आणून ठेवतं? तू आणलास.

घाई का? अरे, जिंकायचं होतं! येले खाटेवरून बघतोय हा डाव, आत्ता, या क्षणी. मंगळवारी घरचे डॉक्टर जाणारेत त्याच्याकडे. हो, त्यासाठीच, शेवटच्या सुईसाठी. त्यानेच ठरवलंय, सह्या झाल्या, बहिणी भेटून गेल्या. हसत म्हणाला, ‘किविट पहिली आली तर डॉक्टरांना सांगतो, उन्हाळ्यानंतर या, नवी आवृत्ती करायचीय.’ थट्टाच केली असेल. पण मी त्या थट्टेला धरून बसलोय रे. मला बरोबरी पुरते, अर्धा गुण. तुझ्या पडद्यावर बरोबरी दिसत असेल तर पंचाला हाक मार, एवढं नियमात बसतं—दिसतेय ना? मान हलवू नकोस नुसती! बरं. बरं, खोटं बोल असं नाही म्हणत मी. निदान तुझं यंत्रही आंधळं निघू दे, देवा, तिथेही तीच रिकामी चाल आहे, निघेलही, का नाही निघणार—

थांबलं? काय सांगतंय? ...राजा. कुठे?

मागे.

ठेव. ठेव ना, घाबरतोस काय, तू हमाल. ...माझाच वाजतोय फोन. येले. वाजू दे. किविटचा आकडा बघ, अजून वरच—तिला कुठे माहीत आहे, मी तुझी चाल अजून तिला घातलीच नाही. मी घालेपर्यंत ती जिंकतेच आहे. थोडा वेळ असंच बसलो तर? नुसतं. कुणी काही न हलवता...

तुझा वेळ जातोय, डेटलेफ. माझ्याकडे बघू नकोस. घड्याळ दाब.

दाब म्हणतो ना.