वळणावरचा कोपरा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष माननीय सभापती अश्विनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले उपअभियंता बिभीषण गर्जे साहेब, वहिनी, आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

मी वास्तुविशारद. सरकारी इमारतीत आमच्या वाट्याला दोन शाली येतात, एक भूमिपूजनाला, एक उद्घाटनाला. मधल्या काळात आम्हाला कोण बोलावतं? मानधन तर नकाशांबरोबरच संपलेलं असतं.

राजूरच्या पुढे एका गावातल्या प्रसूतिगृहाचे नकाशे मी केले होते. बांधकामाच्या वेळच्या भेटींच्या मानधनाचं कलम साहेबांनी करारातून खोडलं. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, असं त्यांनी समजावलं आणि वर हसून म्हणाले, "मॅडम, भिंती काय पळून जात्यात व्हय?" सगळे हसले. मीही.

भिंती पळाल्या नाहीत. व्हरांड्याच्या वळणावरचा कोपरा मी स्ट्रेचर फिरावं म्हणून मोकळा ठेवला होता. कंत्राटदाराने तिथला पाइप झाकायला विटांचं बांधकाम केलं. दिसायला नीटनेटकं. जागा का सोडली आहे, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

पुढे कळा येत असलेल्या एका बाईचं स्ट्रेचर तिथेच अडकलं. तिला चादरीत उचलून न्यावं लागलं. बाई वाचली. बाळाचं विचारायला मला अजून धीर झालेला नाही.

साहेब आणि मी पाहणीला गेलो. तिथे आयाचं काम करणाऱ्या साळूबाईंनी मला विचारलं, "नकाशा तुमचा व्हय, बाई? मंग बांधताना कुटं हुता तुमी?" करार माझ्या पिशवीत होता. तो काढावासा वाटला नाही. साहेब विटांवर हात ठेवून उभे होते.

परतताना आम्ही संगमनेरला थांबलो. तिथे चहा पिताना ते एवढंच म्हणाले, "पुढच्या येळी ते कलम ऱ्हाऊ द्यायचं."

तो कोपरा त्यांनी लगेच फोडून घेतला. तरी कुठलंही वळण आलं की माझं पाऊल अडतं. मघाशी या सभागृहात येतानाही अडलं.

तिसगावला ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह होणार आहे. त्याच्या प्रस्तावात साहेबांनी ते कलम स्वतः घातलं आहे. ताई, मंजुरी आपल्याकडे आहे. हे आमच्यावरचे उपकार समजू नका. भिंत उभी राहताना कोणीतरी तिथे असावं, याचा तो मोबदला आहे.

साहेब, चहाच्या वेळी दिलेला शब्द आपण पाळलात, त्याबद्दल आभार. बोलण्यात माझं काही चुकलं असेल, तर इथेच सांगा. अजून दुरुस्त करता येईल.