तिळाएवढं वळण

...आता तुम्हीच सांगा, वळण कुणाच्या मालकीचं असतं का? तुम्हाला सांगतो, आमच्या करमाडच्या तनुजाची उभी उमेद एका वळणानं खाल्ली. आणि वळण केवढं? तिळाएवढं!

ती कय्युमभाईंच्या चिकलठाण्यातल्या कारखान्यात इंजिनिअर. कारखाना स्टेंटचा... व्हय, तीच जाळी, हृदयाची नस तुंबली की आत सरकवतात, फुगा फुगवला की उघडते अन् रक्ताला वाट करून देते. तर तनुजानं जाळीच्या कड्या जोडणाऱ्या तारेला नवं वळण दिलं, जाळी वाकड्यातिकड्या नसेतही मोडंना, डॉक्टर खुश, कय्युमभाईंनी अख्ख्या शिफ्टला नान-खलिया खाऊ घातला... आणि तेवढ्यात एका बड्या परदेशी कंपनीचा दावा आला, म्हणे हे वळण आमच्या पेटंटातलं!

कोर्टात आपला वकील म्हणाला, त्यांचं वळण डावीकडं जातं, आमचं उजवीकडं. त्यांचा वकील सावकाश उठला, म्हणाला, "जाळी उलटी धरा, साहेब. झालं की डावं." जजसाहेबांनी भिंगातून सुलटं बघितलं, उलटं बघितलं, आणि निकाल लागेस्तोवर विक्रीच थांबवली. मग तारखेवर तारीख, ह्याला वळण म्हणायचं का बाक ह्यावर मोठमोठे तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडतायत, आणि वळण केवढं? तिळाएवढं!

विक्री बंद म्हणल्यावर कारखाना किती तग धरणार? मशिनी गेल्या, माणसं गेली. कय्युमभाई तनुजाला म्हणाले, केस मी लढत राहीन, तू नोकरी बघ. आणि असल्या कामाला इकडं नोकरी देणारं दुसरं होतं तरी कोण? तीच बडी कंपनी, शेंद्र्याला! गेली बिचारी, आणि लई दिवस कय्युमभाईंना तोंड दाखवलं नाय.

परवा निकाल लागला. कय्युमभाई जिंकले, वळण तनुजाचंच, नक्कल नाय! ती आपल्या जागेवर बसून गुपचूप डोळे पुसतेय, तर कंपनीचे साहेब टेबलापाशी आले, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, आपण अपील करतोय. ते वळण आपलंच होतं, असं दाखवायचंय. अपिलासाठी टिपण तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं त्यातलं कळतं कुणाला?"

तिनं कय्युमभाईंना फोन लावला, कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "लिख, बेटा. एवढ्या वकिलांनी लिहिलं, एकालाही ते वळण समजलं नाय. तू निदान बरोबर तरी लिहिशील."