मागे राहिलेली विंडो

(रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाची मागची खोली, दुपार. शिफ्टप्रमुख मॅडम आणि कक्षातले सर्वांत जुने ऑपरेटर, काका.)

मॅडम : बंद नव्हती झाली काका. मागे होती ती विंडो.

काका : दिसत नाही म्हणजे माझ्यासाठी बंदच.

मॅडम : आजींच्या कॉलची विंडो तुम्ही ओढून स्क्रीनभर केलीत. मेसेजची तिच्याखाली गेली. दोन्ही शेजारीशेजारी, अर्ध्या-अर्ध्या ठेवायच्या, तीनदा दाखवलं होतं ना मी?

काका : दाखवलंस. पालथ्या घड्यावर पाणी! अर्ध्यात अक्षरं मुंगीएवढी होतात गं. तिकडे आजी धापा टाकतायत, पत्ता धड सांगता येईना. मी नकाशात गल्ली शोधू की...

मॅडम : खालच्या पट्टीवर नव्या मेसेजचा लाल ठिपका लुकलुकत होता.

काका : पाहिला की.

मॅडम : पाहिलात?

काका : पाहिला, आणि आजींकडे वळलो. एक कॉल, एक कान. गाडी दारात लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. तूही माझ्याच हाताखाली शिकलीस ना? वाटलं, दुसरा उचलेल कुणीतरी.

मॅडम : तसं नुसते फोन होते तेव्हा होतं, काका; घंटा सगळ्यांना ऐकू यायची. आता तुमच्या स्क्रीनवर आलेलं दुसऱ्या कुणाला दिसतच नाही.

काका : दिसत नाही?

मॅडम : नाही.

काका : हे मला कुणी सांगितलं नाही.

मॅडम : माझ्याकडूनच राहिलं. विंडो ओढायला शिकवण्याच्या नादात तेवढंच राहिलं बघा. आता चौकशीच्या जबाबात काय लिहू? स्क्रीन अडकली, म्हणू?

काका : वेडी आहेस का? कुठली विंडो किती सेकंद वर होती, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये नोंदलंय. लिही, सांगितलं होतं, यांनी ऐकलं नाही.

मॅडम : खोटं आहे ते.

काका : माझे नोकरीचे सहा महिने उरलेत. तुझी वीस वर्षं. लिही मुकाट्याने.

मॅडम : (डोळे पुसते.)

काका : रडू नकोस. कोण होतं गं त्या विंडोत?

मॅडम : कशाला ऐकताय?

काका : वाच.

मॅडम : एक मुलगी. तिला बोलता येत नाही, म्हणून मेसेज. ‘बाबा पडलेत.’ मग पत्ता, अगदी मजल्यासकट. मग, ‘श्वास घेत नाहीयेत.’ मग चार वेळा, ‘कुणी आहे का?’

काका : आणि?

मॅडम : ‘असू द्या आता.’

काका : कितव्या मिनिटाला?

मॅडम : नवव्या.

काका : नवव्या मिनिटाला मी आजींना सांगत होतो, घाबरू नका, मी इथेच आहे.