मीटरसाठी भिंत

घाटंजीच्या वीजबिल केंद्रात रांग लांब होती. उर्वशीच्या पुढे दोघी जावा उभ्या होत्या. थोरली धाकटीला पाहून चकितच झाली.

"काय वं शेवंता, सांगितलं असतं तर एकाच ऑटोनं आलो असतो."

"तुमाले घाई असन म्हटलं, बाई."

"ऐकलं का? शंभर युनिटाच्या वरचा महाग दर काढून राह्यले म्हणते. सगळ्याइले एकच भाव."

"ऐकलं."

"मंग आता दोन मीटर कायले पाह्यजे? भीत पाडून टाकू."

"कोणती?"

"कोणती म्हणजे? मधातली! एका मीटरवर युनिट शंभराच्या वर जायचे, अन् वेगळी चूल दिसल्याशिवाय सायब दुसरं मीटर देत नोहता. त्याले दाखवाले बांधली होती ना?"

"सायब पाहून गेला त्याच दिवशी म्या म्हटलं होतं, आता पाडू. तुमीच म्हणाल्या, राहू दे, पुन्हा तपासाले आला तर?"

"चार रोज राहू दे म्हटलं होतं, माय. कायमची नाई."

"आता माह्या पोराइले तुमच्या हातची भाजी तिखट लागते."

"मी तिखट कमी टाकीन ना."

रांग पुढे सरकली. दोघी जागच्या हलल्या नाहीत. उर्वशीनंही त्यांना सरका म्हटलं नाही.

"बाई, आमी मागच्या गल्लीकडून वेगळं दार काढलं. मिस्त्री कालच येऊन गेला."

"ठोकठाक ऐकू आली मले. वाटलं, भीत पाडून राह्यली तू. म्या चहा मांडला होता सगळ्याइचा."