सेलूच्या भिंतीवरचा आदिमानव

जावयाचा असा मान कोनी ठेवते काय, तुमीच सांगा. पंचावन सालची गोष्ट. माझा साळा सेलूच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. मले म्हने, "भाऊजी, प्रदर्शनासाठी तुमचं चित्र काढतो." मी दाढी केली, नवी खादीची टोपी घातली अन् अर्धा दिवस त्याच्यासमोर बसलो.

प्रदर्शनात गेलो, तर भिंतीवर माकडापासून माणसापर्यंतची रांग. मधात मी, उघडाबंब, हातात दगड. खाली लिहिलेलं, 'याचा वंश बुडाला.' माझीच पोरगी ते मोठ्यानं वाचून राह्यली होती.

मी साळ्याले धरलं. "अन् हा शेवटचा, कोट-चष्म्यातला सुधारलेला मानूस कोन हाय?"

"त्याच्यासाठी गावात कोनी भेटलंच नाई, भाऊजी. मंग मीच आरसा घेऊन बसलो."